कूलर बंद करा, टेक आहे! : रिअ‍ॅलिटी शोच्या पडद्यामागची क्विअर प्रेमकादंबरी कशी लिहावी

मे महिन्यातलं नागपूर. बाहेर ४५ अंश. आत हॉलमध्ये लाईट तापलेत, तीस-चाळीस माणसं घामाने निथळताहेत आणि हेडफोन लावलेली एक पोरगी हात वर करून ओरडते, "कूलर बंद करा!" कूलरची घरघर माईकमध्ये येते ना. सगळे मनातल्या मनात तिला शिव्या घालतात. एक जण घालत नाही. कादंबरी तिथून सुरू होते.

मुंबईहून येणाऱ्या शूटिंगच्या टीमना इथे लागेल ते जमवून द्यायचं काम मी काही वर्षं केलं. हॉल, जनरेटर, गाड्या, रात्री दोनचा चहा. तेव्हा डोक्यात शिरलेली ही कादंबरी अजून पुरी झालेली नाही, पण तीन खर्डे फाडून झालेत, त्यामुळे कुठे काय फसतं ते आता नीट ठाऊक आहे. तुमच्याही डोक्यात असं काही असेल तर निदान माझ्या चुका तरी तुम्हाला करायला नकोत.

पायरी १ : माणसं नंतर, आधी नोकऱ्या

पहिल्या खर्ड्यात मी एक निर्माती आणि एक स्पर्धक यांचं प्रेम जुळवलं होतं. ऐंशी पानांनंतर लक्षात आलं की हे प्रेम नाहीच. स्पर्धकाचं फुटेज निर्मातीच्या हातात, एडिट तिच्या हातात, घरी कधी पाठवायचं तेही तिच्याच हातात. अशा माणसाला कोणी 'नाही' कसं म्हणणार? आणि जिथे 'नाही' म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला काय किंमत? सत्तेवर कादंबरी लिहायची असेल तर ही जोडी खुशाल घ्या, पण तिला प्रेमकादंबरी म्हणू नका. प्रेमासाठी दोघंही क्रूमधले घ्या, आणि शक्यतो एकमेकांचे साहेब नसलेले.

माझ्या दोघी अशा आहेत. प्रणाली नागपुरातल्या इंदोऱ्याची, साउंड असिस्टंट. अनघा ठाण्याची, स्टोरी प्रोड्युसर. प्रणालीला हे काम मिळण्याचं कारण साधं आहे : बाई स्पर्धकांना माईक लावायला बाईच लागते. लॅपल माईक कपड्याच्या आतून घ्यायचा, वायर दिसू द्यायची नाही, ट्रान्समीटर कमरेला अडकवायचा. मंगळसूत्र माईकला घासतं, बांगड्या किणकिणतात, सिल्कची साडी सरसरते. बॅटरी संपायच्या आधी बदलायची. दिवसभर असं परक्या बायकांच्या अंगाशी काम करणारी मुलगी स्वतः कोणाच्या जवळ जाताना किती सांभाळून जाईल, याचा विचार करा. पात्राचा स्वभाव तुम्हाला तिच्या कामातच सापडतो.

अनघाचं काम बाईट घेण्याचं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्पर्धकांना प्रश्न विचारून बोलतं करण्याचं. तिचा स्वतःचा आवाज एडिटमध्ये कापला जातो, म्हणून ती प्रत्येक स्पर्धकाला बजावते, "प्रश्न उत्तरात घेऊन बोला." 'भीती वाटते का?' याला नुसतं 'हो' चालत नाही, 'मला भीती वाटते' असं पूर्ण वाक्य हवं. आता हाच नियम प्रेमात आणा. एका रात्री ती विचारते, "मी आवडते तुला?" प्रणाली "हव" म्हणून मोकळी होते. अनघा हसू दाबत म्हणते, "प्रश्न उत्तरात घेऊन बोल." पुढचं अर्धं पान प्रणालीला ते एक वाक्य पुरं करता येत नाही. दोन्ही पात्रांच्या धंद्यातून असा एकेक नियम काढा आणि तो मोडण्याचा किंवा पाळण्याचा प्रसंग रचा. गुलाब, पाऊस वगैरेंची मग गरज पडत नाही.

रूम टोनचा प्रसंगही सोडू नका. प्रत्येक जागेचा रिकामा आवाज साउंडवाले अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवतात, एडिटमध्ये सांधे बुजवायला तो लागतो. त्या मिनिटात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. अख्खं युनिट पुतळ्यासारखं उभं असतं. त्या दोघींना समोरासमोर उभं करा आणि मिनिट संपेपर्यंत पान उलटू देऊ नका.

पायरी २ : शोचं वेळापत्रक म्हणजेच कादंबरीचा सांगाडा

माणसं घरात कोंडून चोवीस तास पाहायची ही कल्पना नेदरलँड्समधली, सप्टेंबर १९९९ची. मराठीत तिचा अवतार एप्रिल २०१८मध्ये लोणावळ्यातल्या घरातून सुरू झाला. खरा शो जशाच्या तसा उचलू नका, त्यात कायद्याची कटकट आहे आणि वाचक मग तुमची गोष्ट सोडून 'ही म्हणजे ती ना?' एवढंच खेळत बसतात. स्वतःचा शो बनवा. माझा आहे : बारा जणी, काटोल रोडवरचं एक फार्महाउस, पाच आठवडे. नागपूर का? कारण मे महिन्यात तिकडे कुत्रं फिरकत नाही, म्हणून जागा स्वस्त पडली. कारण इतकं क्षुद्र असलं की खरं वाटतं.

मग लिहायच्या आधी कागद तयार करा. शिफ्टचा तक्ता, घराचा नकाशा, कोणता कॅमेरा कुठे, कंट्रोल रूम कुठे, जनरेटर किती लांब, क्रूचं जेवण कुठे मांडतात. माझ्या तक्त्यात अनघा दिवसपाळीला आणि प्रणाली रातपाळीला. दोघींना मिळतात ती हँडओव्हरची पंधरा मिनिटं. अख्ख्या प्रेमकथेला रोजची पंधरा मिनिटं! ही टंचाई तुमच्या फार कामाची आहे. आठवड्याला एकदाच दोघींची पाळी एकत्र आणा आणि महत्त्वाचं सगळं त्या रात्रींत घडवा.

पायरी ३ : क्रियापदावर नजर ठेवा

मराठीत क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांची कथा लिहिणाऱ्याला सगळ्यात मोठी देणगी आणि सगळ्यात मोठा काच एकच, आपलं क्रियापद. 'मी थकलो', 'मी थकले', बोलणारा कोण ते लगेच कळलं. पण 'मला वाटलं', 'मी पाहिलं', 'मी चहा केला' यांत कळत नाही. 'तो आला' म्हटलं की फसलो, 'त्यांना भेटायचंय' म्हटलं की सुटलो. वर मी 'एक जण शिव्या घालत नाही' असं लिहिलं ते त्यासाठीच, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे पुरुष पाहिला असेल. घरच्या फोनवर हे व्याकरण रोज सांभाळणारी माणसं आपल्या शहरात आहेत. "कोणासोबत आहेस?" "ऑफिसचे आहेत." त्या बहुवचनात आख्खा माणूस लपतो.

एक सराव करा. आईशी फोनवरचं एक पानभर संभाषण लिहा, त्यात प्रेमातल्या माणसाचा उल्लेख दहा वेळा आला पाहिजे आणि लिंग एकदाही कळता कामा नये. जमलं की हात बसेल.

मला मात्र हा सराव करताना भलतंच सापडलं. प्रणालीला यातलं काहीच करावं लागत नाही! ती सरळ म्हणते, "मैत्रीण आहे माझी," आणि विषय संपतो. आई उलट खूश : "दोघी एकाच खोलीत राहा ना मग, सोबत होते." दोन पुरुषांच्या गोष्टीत पकडलं जाण्याची धास्ती असते. दोन बायकांच्या गोष्टीत बहुतेकदा उलटं, डोळ्यांसमोर असून कोणाला दिसतच नाही. आणि ह्या दोघी काम कुठे करतात? जिथे बारा बायकांचा शिंकेचा आवाजसुद्धा रेकॉर्ड होतो तिथे. माझा तिसरा खर्डा इथे उभा राहिला. दोघी क्रूच्या जेवणात एका ताटात जेवतात, एकीची ओढणी दुसरीच्या डोक्यावर असते, आणि पन्नास कॅमेऱ्यांच्या त्या जगात एकालाही त्यात 'ट्रॅक' दिसत नाही. त्याच वेळी आतल्या दोन स्पर्धकांचा खोटा लव्ह ट्रॅक लिहायला अनघाला ओव्हरटाइम करावा लागतो, हेही ओघाने आलंच. ती खोट्यासाठी संवाद सुचवते आणि खऱ्यासाठी तिला शब्द सापडत नाहीत.

आता नागपुरी. प्रणाली 'मी आली', 'मी जेवली' म्हणते, 'आले, जेवले' नाही. 'करून राहिली', 'काऊन', 'हव', 'बम गर्दी'. अनघाला सुरुवातीला गंमत वाटते. चौथ्या आठवड्यात अनघा ठाण्याला आईशी बोलताना सहज म्हणून जाते, "हो, मी जेवली." पलीकडून आई : "जेवली काय? जेवले म्हण." हा एक संवाद माझ्या सगळ्या कादंबरीत मला सर्वांत आवडतो, त्यासाठी मी आधीची दोन वर्णनं कापली. तसंच 'बे'चं. प्रणाली सगळ्यांना बे लावते, स्पॉटदादापासून दिग्दर्शकाच्या असिस्टंटपर्यंत. अनघाला आधी 'तुम्ही', मग 'तू', मग 'काय बे'. आणि एका पहाटे बे गळून पडतो, नुसतं "अनघा" उरतं. वाचकाला मुद्दाम दाखवून देऊ नका, त्याला कळतं.

बोली फोडणीसारखी वर टाकू नका. मुंबईच्या टीम इथल्या पोरांना एव्हीसाठी सांगतात, "थोडं तुमच्या भाषेत बोला ना," आणि मग त्यावर हसतात, हे मी उभं राहून पाहिलंय. एव्ही म्हणजे स्पर्धकाच्या घरादाराची, कष्टांची ती दोन मिनिटांची फिल्म. तुमच्या कादंबरीनेही तेच केलं तर मग फरक काय?

शब्दांचं म्हणाल तर 'समलिंगी' वर्तमानपत्रात शोभतो, जेवणाच्या ताटावर नाही. तरुण पात्रं गे, लेस्बियन, क्विअर म्हणतील, वडीलधारी 'तसली' म्हणून आवाज खाली घेतील. प्रणालीला स्वतःसाठी कुठलाच शब्द सुचत नसेल तर लेखकाने तो तिच्या तोंडात कोंबू नये.

पायरी ४ : अडथळा कामातून आणा

घरचे मारतील, लग्न लावून देतील, गाव काय म्हणेल, हे अडथळे खरे आहेत, पण वाचकाने ते इतक्यांदा वाचलेत की पान दहाला पुढचं ओळखतो. तुमच्याकडे अख्खा रिअ‍ॅलिटी शो आहे, तो वापरा.

माझा पेच असा. रात्री सव्वादोन. बाथरूमच्या कोपऱ्यात एकवीस वर्षांची एक स्पर्धक दुसरीला रडत सांगते की तिला मुली आवडतात. माईक चालू आहे हे ती विसरली. प्रणालीच्या कानात ते येतं. घाबरून ती शेजारच्या अनघाला हेडफोन देते, "ऐक ना, पोट्टी रडून राहिली." अनघा ऐकते. आणि सवयीने लॉगमध्ये, म्हणजे कुठल्या वेळी काय घडलं त्या नोंदींमध्ये, लिहिते : ०२:१४:३७, बाथरूमबाहेर, कबुली, महत्त्वाचं.

एकीने माणूस म्हणून ऐकलं, दुसरीने नोकरी म्हणून. दोघींचं तुटतं ते त्या एका ओळीवर. अनघा वाईट नाही, तिला तर आपण काय केलं हे सकाळी क्रिएटिव्ह हेड प्रोमोची चर्चा सुरू करतो तेव्हा कळतं. खलनायकही शोधत बसू नका, गुरुवारचा आकडा पुरतो. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे रेटिंग गुरुवारी येतात, म्हणून तुमच्या गोष्टीतले बुधवार आपोआप ताणलेले असतील.

इथे तांत्रिक बाजू पक्की हवी, नाहीतर त्या क्षेत्रातला एक वाचक पुस्तक मिटवून ठेवेल. प्रणालीने आवाजाचा ट्रॅक डिलीट केला, असं लिहू नका. कार्ड रिकामं करण्याआधी फुटेजच्या निदान दोन प्रती निघतात, पुसून काही जात नाही. पण शेकडो तासांच्या फुटेजमध्ये जे लॉगमध्ये नाही ते जवळपास नसल्यासारखंच असतं, कारण एडिटर लॉग बघूनच शोधतो. म्हणजे ती ओळ लिहिणं हीच घटना आहे. आणि एडिटमध्ये काय काय होतं तेही समजून घ्या : सोमवारच्या वाक्याचा पहिला तुकडा, शुक्रवारच्या वाक्याचा दुसरा, मध्ये कोणाचा तरी चेहरा, जो मुळात वांग्याच्या भाजीकडे पाहत होता. जोडलं की कबुली तयार. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम चालतात, चारपाच फ्रेम इकडेतिकडे केल्या की साधी पापणी लाजल्यासारखी दिसते. अनघा या कामात हुशार आहे. तिच्या हुशारीचं तुम्हाला कौतुक वाटलं पाहिजे, तरच तीच हुशारी तिच्यावर उलटल्यावर वाचकाला लागेल.

सुटका फुकट देऊ नका. माझ्या गोष्टीत अनघा त्या मुलीकडे जाते, टेपवर काय आहे ते तिला खरं सांगते आणि काय करायचं ते तिला ठरवू देते. करारात मुलीने सही केलेली असते, तेव्हा हे सांगणं अनघाच्या नोकरीवर बेततं. बेतू द्या. माफी मागायला विमानतळावर धावत जाणं यापेक्षा हे जड आहे.

पायरी ५ : नागपूर पत्रिकेतल्या पत्त्यासारखं नको

तर्री पोहे, सावजी, संत्रा बर्फी, फुटाळा तलाव. चारही पहिल्या वीस पानांत आले तर समजा तुम्ही पर्यटनाची पुस्तिका लिहिताय. शहर कामातून दिसू द्या. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बाहेरचं शूट नाही, म्हणून कॉल टाइम पहाटे पाचचा. सीताबर्डीच्या दुकानातून आणलेल्या बॅटऱ्या. हिवाळी अधिवेशन असेल तर डिसेंबरात हॉटेलची खोली मिळत नाही, म्हणून मुंबईची टीम तारखा पुढे ढकलते. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईला टेकते, म्हणजे भांडून निघालेल्या माणसाला विचार करायला एक रात्र मिळते. विमानाने पाठवलंत तर ती रात्र गेली.

वस्ती म्हणजे जात, हे नागपुरात सांगावं लागत नाही. इंदोरा म्हटल्यावर समोरचा काय समजायचं ते समजतो, धरमपेठ म्हटल्यावरही. एका शूटमध्ये घरच्या एव्हीसाठी पत्र्याचं छत घेतलं, आईचं शिलाई मशीन घेतलं, भेगा पडलेल्या टाचा घेतल्या, आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो फ्रेमच्या बाहेर ठेवला. कोणी काही बोललं नाही, कॅमेरा नुसता थोडा डावीकडे सरकला. टीमचं नाव सांगत नाही. ते सरकणं मी अनघाच्या पहिल्या भेटीत वापरलंय : ती प्रणालीच्या घरी जाते, भिंत पूर्ण पाहते, आणि आपल्या जुन्या कामातल्या किती भिंती अर्ध्या होत्या हे तिला आठवतं. दोघींमधलं हे अंतर प्रेमाने आपोआप मिटतं असं लिहू नका. मिटत नाही. त्यावर बोलावं लागतं, आणि एकदा नाही.

गर्दीचा प्रसंग हवा असेल तर मारबत घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे, बडग्यांचे पुतळे मिरवत निघतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळी इतवारी रस्त्यावर येते. एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा आहे. ढोलांच्या त्या गदारोळात कुठलाच माईक काही पकडू शकत नाही. कानांवर जगणाऱ्या प्रणालीला तिथे पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही, आणि अनघा तिच्या कानाशी काहीतरी म्हणते. काय म्हणते ते मी लिहिलेलं नाही. वाचकालाही ऐकू येऊ नये.

पायरी ६ : साल ठरवा, कारण कायदा सालाप्रमाणे बदलतो

कथा कोणत्या वर्षी घडते हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं, ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा मोकळं केलं. १७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. नागपुरात पहिली प्राईड यात्रा २०१६ची, म्हणजे त्या वेळी चालणारे लोक कायद्याने अजून गुन्हेगारच ठरू शकत होते. तुमची पात्रं २०१७च्या मे महिन्यात भेटत असतील तर त्यांच्या खोलीच्या कडीचा आवाज वेगळा असेल.

मी २०२४ घेतलं, शेवटासाठी. प्रेमकादंबरीच्या वाचकाशी आपला एक करार असतो, शेवटी दोघी एकत्र हव्यात. क्विअर पात्रांना मारून रडवण्याचा कंटाळा आलाय, निदान मला. पण लग्न तर होऊ शकत नाही, मग 'एकत्र' दाखवायचं कसं? ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की क्विअर व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. माझा शेवट तिथे आहे. गोकुळपेठेतली बँक, दुपारची वेळ, एसी बंद पडलाय, कूलर घरघरतोय, आणि फॉर्मवरच्या 'नाते' या रकान्यापाशी प्रणालीचं पेन थांबतं.

पायरी ७ : बाकीचं, भराभर

सेटवर काम केलं असेल तर आधी स्वतःच्या करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा. ओळखीच्या कोणाची गोष्ट वापरताय तर विचारा, आणि 'नाव बदललं की झालं' हे विसरा. नागपूर एवढं मोठं नाही, इथे स्कूटीच्या रंगावरून माणूस ओळखतात. नकळत कोणाला उघडं पाडलंत तर तुम्ही अनघाचीच ओळ पुन्हा लिहिली.

खर्डा झाला की क्विअर वाचकांना वाचायला द्या आणि त्या वेळेचे पैसे द्या. सारथी ट्रस्टसारखी संस्था आपल्याच शहरात या समुदायासोबत काम करते. पण प्रश्नावली घेऊन कोणाच्या दारात उभे राहू नका, आधी त्यांचे कार्यक्रम बघा, मागे बसा, ऐका. एक साउंडवाला आणि एक एडिटरही वाचक म्हणून गाठा. माझ्या साउंडवाल्याने चौदा चुका काढल्या, त्यातल्या नऊ बॅटरीच्या होत्या.

छापायच्या आधी एखादं प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवून बघा, उन्हाळा संपता संपता पाठवलेलं बरं. स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नका.

आणि पहिलं वाक्य सुचत नसेल तर फोन घ्या, दुपारी दोनला घरातल्या सगळ्यांना गप्प बसवा आणि एक मिनिट रूम टोन रेकॉर्ड करा. मग कान लावून जे ऐकू येईल ते लिहून काढा. माझ्याकडे आलं ते असं : कूलर, शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या, लांबून मेट्रो, आणि एकोणचाळिसाव्या सेकंदाला आई कुजबुजते, "झालं का बे?"